कच्चा टाका

दसरा आला की घरातली मंडळी सोनं वाटायच्या गडबडीत असतात आणि मला मात्र एक कुलूपबंद लोखंडी कपाट आठवतं. ती घटना मी विसरलेलो नाही, विसरायची इच्छाही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. पण ही अपघाताची केस नट-बोल्टांसकट लक्षात आहे, कारण तिच्यात मी एका निरपराध माणसाला कोठडीत बसवलं होतं, आणि तेही अगदी छातीठोकपणे. नावं कोणाचीच सांगणार नाही. माझी चूक मात्र सांगणार आहे.

मी तेव्हा पुण्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. हडपसरकडे भाजीच्या मळ्यांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. जुने कारखाने एकेक करून बंद पडत होते आणि त्याच थांब्यांवर आता गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं बसमधून उतरत होती. आमच्याकडच्या तक्रारींचं रूपही पालटलं होतं. आधी संप, दगडफेक, गेटवरची मारामारी असायची. आता भाडेकरूंची भांडणं आणि चोरीला गेलेले मोबाईल.

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यात शस्त्रपूजा असते. रायफली टेबलावर ओळीनं मांडतात, प्रत्येकीला ओल्या कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. पूजा झाली की त्या दिवशी, वेळच आली नाही तर, शस्त्राला कोणी हात लावत नाही. त्या वर्षी पूजा आटोपली, हवालदारानं नारळ हातात घेतला आणि फोन वाजला. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, आमच्या हद्दीच्या टोकाला अपघात. नारळ तसाच ठेवून आम्ही निघालो.

दसऱ्याला त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतकरी झेंडूचे ढीग लावून बसतात. त्यातल्याच एका ढिगात एक गाडी घुसली होती. विकायला बसलेल्या जोडप्यातला नवरा जागीच गेला. बायकोचा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. गाडी मी तोवर पुण्यात पाहिली नव्हती अशी. ठेंगणी, दोन माणसांची, वर टप नाही. आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि बाहेरून फायबरचं लाल कवच. इतकी हलकी की चार शिपायांनी तिची मागची बाजू उचलून बाजूला सरकवली. चालवणारा तरुण शनिवार पेठेतला, एका संगणक कंपनीत नोकरीला. परदेशात दोन वर्षं राहून आला होता आणि तिथून डोक्यात शर्यतीच्या गाडीचं खूळ घेऊन आला होता. त्याचं मनगट मोडलं होतं आणि छातीला मार लागला होता.

तो एकच वाक्य परत परत बोलत होता. "सर, मी स्टीअरिंग फिरवलं, पण कारनं रिस्पॉन्सच दिला नाही."

दवाखान्यात त्याचा जबाब घेतला. ही गाडी त्यानं हौसेनं सुट्या भागांतून बांधून घेतली होती. पण तिचं स्टीअरिंग त्याला जड आणि आळशी वाटे. जरा हात हलवला की गाडी वळली पाहिजे, असं त्याला हवं होतं. म्हणून हडपसरच्या एका शेडमधल्या मिस्त्रीकडे काम दिलं. चाकांना वळवणारे लोखंडी हात आखूड करायचे आणि स्टीअरिंगपासून खाली जाणारा दांडा नवा, दोन सांध्यांचा बसवायचा, असं ते काम. "नवमीच्या संध्याकाळी त्यानं डिलिव्हरी दिली, सर. एव्हरीथिंग इज डन म्हणाला आणि रात्रीच्या गाडीनं नागपूरला गेला. दसऱ्याला मी पूजा करून पहिल्यांदा बाहेर काढली."

त्या झेंडूवाल्या बाईला सरकारी रुग्णालयात भेटलो. पाय कापावा लागला होता. नवऱ्याचं तिला सांगितलेलं होतं. ती रडत नव्हती, छताकडे बघत होती. म्हणाली, "सायेब, त्यो पोरगा दोनी हातांनी गोल गोल फिरवत व्हता. म्या बगितलं. पर गाडी सरळच आली आमच्या अंगावर."

म्हणजे मुलगा निदान एवढं तरी खरं बोलत होता. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासून लेखी दिलं, की स्टीअरिंगच्या दांड्याच्या सांध्यावरचं वेल्डिंग तुटलं आहे. झालं, माझं मत बनलं. आणि ठाण्यात साहेबाचं मत बनलं की सगळ्यांचंच बनतं. एरवी अशा प्रकरणात निष्काळजीपणाचं कलम लागतं आणि आरोपी संध्याकाळी जामिनावर घरी जातो. मी मिस्त्रीवर सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं. काम धोक्याचं आहे हे ठाऊक असूनही त्यानं गाडी ताब्यात दिली, असा माझा मुद्दा. रुग्णालयातल्या त्या बाईचा चेहरा माझ्यासमोर होता आणि कोणीतरी याची भरपाई केली पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं.

मिस्त्री तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून परतला आणि आम्ही त्याला पुणे स्टेशनवरच घेतलं. पन्नाशीचा, काटक, जाड भिंगांचा चष्मा. मूळचा भंडाऱ्याकडचा. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली होती. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती नावाची सक्तीची निवृत्ती दिल्यावर शेड टाकली होती. बौद्ध होता. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. पिशवीत तिथून घेतलेली पुस्तकं होती आणि मुरमुरे. अंगझडतीचा पंचनामा झाला. घड्याळ एक, कंगवा एक, रेल्वेचं तिकीट एक, किल्ल्या दोन. सगळं लखोट्यात घालून लाख लावली आणि लखोटा माझ्याच टेबलाच्या खणात ठेवला. न्यायालयानं चार दिवसांची पोलीस कोठडी दिली.

चौकशीला मी स्वतः बसलो.

"गाडी मालकाच्या ताब्यात कधी दिलीस?"

"दिलीच नाही, साहेब. त्यांना सांगतलं होतं, दसऱ्याले होत नाही. परत आल्यावर देतो."

"मग रस्त्यावर कशी आली? उडत?"

"मी तिचं स्टीअरिंग काढून ठेवलं होतं. काम अपुरं असलं तर मी आधी स्टीअरिंग काढतो. कारखान्यापासूनची सवय आहे. बिनस्टीअरिंगची गाडी जाईल कशी?"

मला हसू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. "अरे, मी या डोळ्यांनी बघितलंय. स्टीअरिंग गाडीला होतं. पोराच्या छातीवर त्याचाच वळ आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "होतं?" त्यानं विचारलं.

"होतं."

त्यानंतर त्याचा चेहराच मिटला. मी विचारलं, शेडची दुसरी किल्ली कोणाकडे असते. उत्तर नाही. दहा वेळा विचारलं, दरडावून विचारलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत बसला. खोटं पकडलं गेलं की माणूस असाच गप्प होतो, असं माझा अनुभव मला सांगत होता. अनुभव फार बोलका असतो. अधूनमधून त्यालाही उलट प्रश्न विचारावा लागतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं जबाब लिहून वाचून दाखवला. 'मी केलेले वेल्डिंग तुटल्याने' इथवर आला आणि मिस्त्रीनं हात पुढे करून कागदावर पालथा ठेवला.

"हे खोटं आहे. वेल्डिंग नाही तुटलं. टाका तुटला."

"एकच ते," मी म्हणालो.

"एकच नाही, साहेब. सांधा कुठं बसतो ते बघाले दोन ठिकाणी कच्चा टाका मारतो आम्ही. मग तो तोडून टाकायचा, दांड्याले खाच पाडायची, बोल्टानं आवळायचं, तेव्हा काम होते. शिंपी आधी धावदोरा घालतो, मग मशीनवर शिवतो. धावदोऱ्याचा सदरा घालून कोणी वरातीत नाचला अन् तो उसवला, तर शिंप्याले फाशी देता का?"

"सही कर."

"माझं वेल्डिंग तुटत नाही. तसं लिहिलेल्या कागदावर मी सही नाही करत."

मी त्याला बरंच काही सुनावलं. एक माणूस मेलाय, एका बाईचा पाय गेलाय आणि हा शब्दांसाठी अडून बसलाय, याचा मला संताप आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "माणूस मेला हे मला समजते, साहेब. म्हणूनच खरं लिहा म्हणतो." सही केली नाहीच. मला तो उद्धटपणा वाटला. त्या वेळी कान उघडे ठेवले असते, तर केस तिथंच फिरली असती.

कोठडीचा तिसरा दिवस. शेडसमोर चहाची टपरी चालवणारा एक जण भावाच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी ठाण्यात आला होता. काम झालं तरी जाईना. टोपी काढून उभा राहिला.

"सायेब, एक इचारू का? रागावनार न्हाई ना?"

"बोला."

"तुमी ज्याला धरलाय त्यो दसऱ्याला हितं नव्हताच. पर सकाळी शेडातनं लेथचा आवाज येत व्हता, चांगला अर्धा तास. दसऱ्याला कोन मशीन चालवतं, सांगा की."

मी खुर्चीतून उठलो. शेडमध्ये लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र, मिस्त्रीचं नव्हतं, त्याच्या भागीदाराचं होतं. दोघं एकाच कारखान्यातले. मिस्त्री फिटर, हा टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा. आम्ही त्याचा जबाब घेतला होता. दसऱ्याला सकाळी आलो, यंत्राची पूजा केली, घरी गेलो, असं त्यानं सांगितलं होतं आणि आम्ही ते लिहून घेतलं होतं. तो खोटं का बोलेल, असा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता.

पण आधी गाडीच्या मालकाचं म्हणणं पडताळायचं ठरवलं. नवमीच्या संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली, तर ती रात्रभर होती कुठं? हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. शनिवार पेठेत गेलो. मुलाच्या वडिलांनी दार उघडलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पायजमा, हातात शब्दकोड्याचा कागद.

"आपण पोलीस. चहा विचारला तर लाच होईल," ते म्हणाले. "पाणी चालेल?"

मी पाणी घेतलं. विचारलं, नवमीच्या रात्री चिरंजीवांची गाडी कुठं लावली होती?

"अहो, आमच्या बोळात घंटागाडी उलटी येते, कारण आत तिला वळायला जागा नाही. ती लाल गाडी इथं आली असती तर अख्ख्या पेठेनं येऊन पाहिली असती आणि नावंही ठेवून गेली असती. मी ती पहिल्यांदा पाहिली ती वर्तमानपत्रात."

बोलून झाल्यावर ते थांबले. कागद घडी करून खिशात ठेवला. आतल्या दारात मुलगा येऊन उभा होता, हात गळ्यात बांधलेला.

"बाबा, प्लीज," तो म्हणाला.

"मी काय बोललो त्याचा अर्थ मला कळतो," वडील त्याच्याकडे न बघता म्हणाले. "साहेब, लिहून घ्या. खाली सही कुठं करायची तेही सांगा."

मुलगा वकिलाला विचारल्याशिवाय बोलायला तयार नव्हता. तो त्याचा हक्क होता. मी जबाब घेऊन तडक हडपसर गाठलं. जाताना ठाण्यातून शेडच्या पंचनाम्याची प्रत उचलली आणि गाडीत बसून वाचली. आमच्याच फौजदारानं दसऱ्याच्या संध्याकाळी शेडला सील लावताना लिहिलेली. 'लेथ यंत्र एक, त्यास हळदकुंकू व झेंडूची माळ वाहिलेली. मागील भिंतीवर लाल रंगाचे ठिपके. लोखंडी कपाट एक, कुलूपबंद, किल्ली उपलब्ध नाही.' सगळं लिहिलेलं होतं हो. आम्ही कागद लिहितो आणि फाइलला लावतो, वाचायचं मात्र राहून जातं.

पंच बोलावले, सील तोडलं. झेंडूची माळ सुकून काळी पडली होती. ठिपके लेथच्या मागच्या भिंतीवर होते, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर, ओळंबा धरून मारल्यासारखे एका उभ्या रेषेत. खाली दाट आणि वर विरळ. शेवटचे दोन तर वरच्या पत्र्याला लागले होते.

"रंग असेल, साहेब," हवालदार म्हणाला.

मी नखानं खरवडून हुंगलं. कुंकू होतं.

"पूजेत उडालं असेल."

"आपण दर वर्षी रायफलींना कुंकू लावतो. कधी भिंतीवर उडालंय?"

मी लेथचा चक हातानं फिरवला. चक म्हणजे काम धरून गरगरा फिरणारा गोल जबडा. त्याच्या कडेला कुंकवाचं बोट ओढलेलं होतं, पण ते बोट पुसट झालं होतं आणि फराटा बाहेरच्या बाजूला गेला होता. रेषा बरोबर चकाच्या समोर होती. ओलं कुंकू लावलेलं यंत्र कोणीतरी त्याच सकाळी चालू केलं होतं. पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, हे या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. चालवलं ते तशाच निकडीनं. काम झाल्यावर माळ परत घातली, हळद परत वाहिली. मान वर करून भिंतीकडे बघायचं तेवढं राहून गेलं.

मग माझी नजर कपाटाकडे गेली. 'किल्ली उपलब्ध नाही.' आणि माझ्या खणातल्या लखोट्यात किल्ल्या दोन. एक शेडची. दुसरी कशाची, हे कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. हवालदाराला मोटारसायकलवर पिटाळलं. लखोटा आला, पंचांसमोर फोडला, कपाट उघडलं.

आत एक लहानसं, कातड्यानं मढवलेलं सुबक स्टीअरिंग टांगलेलं होतं. त्याला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा, वर नीटस अक्षरात लिहिलेलं: 'सांधा टाक्यावर आहे. खाच पाडणे बाकी. चालवू नये.' खाली सही आणि नवमीची तारीख.

मग मला अपघातातल्या गाडीचं स्टीअरिंग आठवलं. ठाण्याच्या आवारात जाऊन बघितलं. एवढ्या नखऱ्याच्या गाडीला जुन्या जीपचं मोठं, काळं, तडे गेलेलं स्टीअरिंग. मधल्या भोकात नवा कोरा बुश, म्हणजे भोक लहान करणारी लोखंडी कडी, लेथवरून उतरवलेला, अजून चकचकीत. चार दिवस ती गाडी माझ्या खिडकीखाली उभी होती. शाळेतल्या मुलानंही ओळखलं असतं. मला स्वतःची लाज वाटली.

टर्नरला शेडमध्येच बोलावलं. चोपायचं, दरडावायचं काही मनात नव्हतं. त्याला लेथसमोर उभं केलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"हे कुंकू तिथं कसं गेलं?"

तो खाली बसला. साठीला टेकलेला माणूस, गुडघ्यांत डोकं घालून.

"पूजा झालेलं मशीन चालवलं, साहेब. तिथंच पाप झालं."

"पाप नंतर. आधी काय झालं ते सांगा."

सकाळी पूजा संपत आली असताना मालक पेढे घेऊन आला. आज मुहूर्त आहे, गाडी बाहेर काढायचीच, म्हणाला. टर्नरनं सांगितलं की मिस्त्रीनं स्टीअरिंग काढलंय. मालक म्हणाला, काम झालंय, फक्त तेवढंच बसवायचं राहिलंय. कपाटाची किल्ली नव्हती. माळ्यावर जीपचं एक स्टीअरिंग पडलं होतं. भोक मोठं होतं, बुश करावा लागणार होता.

"स्टीअरिंग काढलंय म्हणजे काम अपुरं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. बावीस वर्षं त्याच्या शेजारच्या मशीनवर उभा राहिलोय."

"मग?"

"मी नाही म्हणालो होतो, साहेब. तर तो पोरगा हसून म्हणाला, राहू द्या काका, मिस्त्रींशिवाय तुम्हाला जमणार नाही." त्यानं डोळे पुसले. "मला नाही जमणार? मी लेथ चालू केलं."

पुढे तो म्हणाला, रोज ठाण्याच्या फाटकापर्यंत येत होतो आणि तिथूनच परत जात होतो. दोन दिवसांनी त्यानं न्यायाधीशांसमोर कबुलीजबाब दिला, एकही शब्द न फिरवता. मालकाचा वकीलही मग फार काळ तग धरू शकला नाही. गाडी तयार नाही हे मिस्त्रीनं त्याला नवमीला सांगितलं होतं आणि टपरीवाल्यानं ते कानांनी ऐकलं होतं.

मिस्त्रीच्या सुटकेचा अहवाल मी स्वतः लिहिला. त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"मिस्त्री, बसा," म्हणालो. चार दिवसांत पहिल्यांदा अहो-जाहो करत होतो, ते त्याच्याही लक्षात आलं असावं. "कपाटाचं आधीच सांगितलं असतंत, तर हे चार दिवस वाचले असते."

"कपाट उघडलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग दुसरं स्टीअरिंग कोणी बसवलं. शेडची दुसरी किल्ली एकाकडंच असते." तो चष्मा पुसत होता. "मी पुण्यात आलो तेव्हा हडपसरात खोली मिळत नव्हती, साहेब. आडनाव सांगतलं की लोक दार लावत. त्यानं स्वतःच्या घरात ठेवलं मला, आठ महिने. त्याच्या आईनं एका ताटात जेवू घातलं. त्याचं नाव माझ्या तोंडून कसं निघेल?"

"आणि तुम्ही आत गेला असता तर?"

"गेलो असतो. पण माझं वेल्डिंग तुटलं, अशा कागदावर सही करून नसतो गेलो." मग म्हणाला, "तुम्ही रोज विचारलं, किल्ली कोणाकडं होती. तू काढलेलं स्टीअरिंग कुठं आहे, असं एकदा जरी विचारलं असतं, तर मी खोटं बोललो नसतो."

मी दुरुस्तीचा पुरवणी जबाब घेतला. 'वेल्डिंग' खोडून 'कच्चा टाका' लिहिलं. त्यानं तो दोनदा वाचला आणि मग सही केली.

रुग्णालयात त्या बाईला सांगायला मीच गेलो. तिनं सगळं ऐकलं. विचारलं, "गाडी अर्धवट हाय, हे त्या पोराला ठावं व्हतं?"

"होतं," मी म्हणालो.

तिनं तोंड भिंतीकडे केलं.

मालकाला शिक्षा झाली, टर्नरलाही झाली, कमी. तो आत होता तेव्हा त्याच्या लेथला गंज चढू नये म्हणून मिस्त्री दर रविवारी तेल घालत असे. बाहेर आल्यावर दोघांनी पुन्हा त्याच शेडमध्ये काम सुरू केलं. भिंतीवरचे ठिपके मात्र टर्नरनं पुसू दिले नाहीत, असं ऐकलं.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एवढंच, की आम्ही पोलीस 'कोणी केलं' इथून सुरुवात करतो आणि मग बाकी सगळं त्या माणसाच्या मापाचं बेततो. आधी वस्तूला विचारावं. ती कुठं होती, कशी होती, तिला कोणाचा हात लागला. वस्तू मैत्री सांभाळत नाही आणि साहेबाला घाबरत नाही. त्यानंतर मी कुठलाही पंचनामा सही करण्याआधी स्वतः वाचत आलो. आणि कोणी एखाद्या शब्दावर अडून बसला, तर त्याच्यावर डाफरण्याऐवजी तो शब्द काय आहे ते विचारत आलो.

निवृत्त झालो त्या वर्षीची गोष्ट. माझ्या स्कूटरचं हँडल खडखडायला लागलं होतं, म्हणून मुद्दाम त्याच शेडमध्ये घेऊन गेलो. मिस्त्रीनं चहा मागवला, हँडल उघडलं, आतल्या बेअरिंगच्या गोळ्या झिजल्या आहेत म्हणाला. त्या मापाच्या उद्या मिळतील. मला घाई होती. म्हटलं, "मिस्त्री, आत्ता तसंच आवळून द्या. सावकाश जातो घरापर्यंत, उद्या परत आणतो."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. हँडल सोडवून बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं, कपाटात टांगलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. लेथवरून टर्नरनं मान खाली घातली.

"काम अपुरं आहे, साहेब," मिस्त्री म्हणाला.

मी हो म्हणालो आणि रिक्षानं घरी गेलो.